रोजच्या जगण्याचे कृष्णधवल छायाचित्र कसे पाहावे

रस्त्याने चाललेली माणसे, दारात बसलेली म्हातारी, कामावरून परतणारा मजूर, अंगणात खेळणारी मुले असे काही दाखवणारे कृष्णधवल छायाचित्र समोर आले, की बहुतेकांची नजर त्यावर फार वेळ टिकत नाही. त्यात नाट्यमय प्रसंग नसतो, ओळखीचा चेहरा नसतो, निसर्गदृश्याचा भव्यपणा नसतो आणि रंगही नसतात. 'छान आहे, जुन्या काळातले दिसते,' असे मनाशी म्हणून आपण पुढे सरकतो. असे चित्र अवघड वाटते म्हणून आपण ते सोडून देतो असे नाही. उलट ते फार सोपे वाटते. माणूस, भिंत, खिडकी, सावली या सगळ्यांची नावे आपल्याला पाठ असतात, आणि एकदा नाव आठवले की डोळा आपले काम संपले असे समजतो.

या लेखात मला मुख्यतः एकच गोष्ट सांगायची आहे. अशा छायाचित्राचा खरा आनंद घ्यायचा असेल, तर चित्रात प्रत्यक्ष काय दिसते आणि त्यात आपण आपल्या मनाने काय घातले, हे दोन्ही वेगळे ठेवता आले पाहिजे. 'हा माणूस दुःखी आहे' हे आपण घातलेले असते. 'या माणसाची मान खाली आहे आणि त्याच्या चेहऱ्याचा अर्धा भाग अंधारात आहे' हे चित्रातले असते. भाव, अर्थ, कौतुक हे सगळे यायलाच हवे, पण ते दिसणाऱ्या गोष्टींच्या आधाराने आले तर टिकते.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. १९३२ साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ या विशीतल्या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसच्या सँ-लाझार रेल्वे स्थानकाच्या मागे एक छायाचित्र टिपले. जमिनीवर पाणी साचलेले आहे आणि ते इतके स्थिर आहे की त्यात वरचे सगळे आरशासारखे उमटले आहे. पाण्यात एक शिडी आडवी पडलेली आहे. त्या शिडीवरून एका माणसाने उडी घेतली आहे आणि त्याच्या पुढच्या पायाची टाच पाण्यापासून अगदी थोड्या अंतरावर आहे. खाली पाण्यातल्या प्रतिबिंबाची टाच तिला भेटायला वर आली आहे. हा माणूस म्हणजे जवळपास काळी आकृतीच आहे, त्याचा चेहरा वाचता येत नाही. मागे कुंपण आहे, कुंपणाजवळ आणखी एक माणूस उभा आहे आणि त्यापलीकडची छपरे धुक्यात विरघळल्यासारखी दिसतात.

एवढे पाहून आपण थांबलो असतो, तरी चित्र आवडलेच असते. पण आणखी अर्धा मिनीट थांबल्यावर मागच्या भिंतीवरची पोस्टरे दिसू लागतात, आणि त्यांतल्या एकावर झेप घेतलेली एक छोटी आकृती आहे. घाईत डबके ओलांडणारा माणूस आणि कागदावरची ती नर्तकी एकाच चौकटीत उडत आहेत, एकमेकांची काहीही खबर नसताना. मग पाण्यात पडलेल्या वाकड्या पट्ट्यांकडे लक्ष जाते, त्यांचे अर्धवर्तुळ आणि त्यांचे प्रतिबिंब मिळून कडी पूर्ण होते. मग कळते, की या चित्रात जवळपास प्रत्येक गोष्टीला जोडीदार आहे: माणसाला प्रतिबिंब, उडीला उडी, शिडीला शिडी. हे सारे पहिल्या नजरेलाही तिथेच होते. आणि चित्रात काय नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. तो माणूस पाण्यात पडला की पलीकडे पोहोचला, त्याला गाडी गाठायची होती की पाऊस चुकवायचा होता, यातले काहीच छायाचित्र सांगत नाही. आपण मात्र पहिल्याच क्षणी त्याचे बूट भिजवून मोकळे झालेलो असतो.

या चित्राबद्दल एक गोष्ट मला नेहमी सांगावीशी वाटते. कार्तिए-ब्रेसाँने ते फळ्यांच्या कुंपणातल्या फटीतून घेतले. फट इतकी अरुंद होती की भिंग जेमतेम आत गेले आणि त्याला स्वतःला समोरचे नीट दिसतही नव्हते. घेतलेली चौकट नंतर कापू नये, असा आग्रह आयुष्यभर धरणाऱ्या या माणसाला या चित्राच्या कडेला आलेली फळी मात्र कापून टाकावी लागली. म्हणजे छायाचित्राच्या इतिहासातल्या सर्वांत काटेकोर समजल्या जाणाऱ्या रचनांपैकी एक रचना अर्धी तयारीने आणि अर्धी योगायोगाने झाली. यामुळे तिचे मोल कमी होते असे मला वाटत नाही. रस्त्यावर काम करणारा छायाचित्रकार योगायोग घडवू शकत नाही, पण तो घडेल अशा ठिकाणी जाऊन उभा राहू शकतो, आणि नंतर पन्नास चौकटींतून नेमकी हीच ओळखू शकतो.

त्याच्या १९५२ सालच्या पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावामुळे 'निर्णायक क्षण' हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला आणि त्याने, माझ्या मते, पाहणाऱ्यांचे थोडे नुकसानही केले. प्रत्येक चांगल्या छायाचित्रात एखादी हवेत थांबलेली उडी असलीच पाहिजे, अशी अपेक्षा त्यामुळे तयार झाली. रोजच्या जगण्याचा फार मोठा भाग असा आहे की त्यात काहीच हवेत थांबलेले नसते. वॉकर एव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९३६ साली अलाबामा राज्यातल्या खंडाने शेती करणाऱ्या गरीब कुटुंबांच्या घरात घेतलेले एक चित्र पाहावे. त्यात एकही माणूस नाही. रंग न दिलेल्या फळ्यांची स्वयंपाकघरातली भिंत आहे, तिच्यावर एक बारीक पट्टी खिळ्यांनी ठोकली आहे आणि पट्टीच्या मागे काटे-चमचे खोचून ठेवले आहेत. एवढेच. पण त्या घरात भांडी ठेवायला कपाट नाही, हे त्या पट्टीवरून कळते. आणि जे आहे ते नीट, हाताशी, जागच्या जागी ठेवण्याची कुणाची तरी सवय आहे, हेही कळते. लाकडाचे रेषारेषांचे अंग आणि धातूची चमक यांतला फरक डोळ्यांनी चाचपून पाहावा, इतका स्पष्ट आहे. हा क्षण निर्णायक नाही, तो काल होता आणि उद्याही तसाच असेल, आणि चित्राचे सगळे बळ त्यातच आहे.

आता रंग नसण्याकडे वळू, कारण बहुतेकांना अडचण तिथेच येते. फिल्मवर चांदीच्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण असतात. जिथे उजेड पडतो तिथल्या कणांत बदल होतो आणि डेव्हलपर नावाच्या द्रावणात त्यांची काळी धातुरूप चांदी बनते. ज्यांच्यावर उजेड पडलाच नाही ते कण नंतर दुसऱ्या द्रावणात विरघळवून काढून टाकतात. म्हणून निगेटिव्हवर उजळ जागा काळ्या आणि काळोख्या जागा पारदर्शक दिसतात, आणि त्यातून कागदावर प्रिंट काढताना हा उलटा व्यवहार पुन्हा सुलटा होतो. या सगळ्यात वस्तूचा रंग कुठेच नोंदला जात नाही. नोंदले जाते ते फक्त उजेडाचे प्रमाण. म्हणजे कृष्णधवल छायाचित्र हे रंग गळून गेलेले जग नसून, रंगांचे करड्या छटांमध्ये केलेले भाषांतर आहे, आणि कोणत्याही भाषांतरासारखे त्यातही निवड करावीच लागते.

ही निवड किती खोलवर जाते, हे एका साध्या उदाहरणाने कळेल. लाल फूल आणि त्याची हिरवी पाने डोळ्यांना अगदी वेगळी दिसतात, पण दोन्हींवरून येणारा उजेड सारखा असेल तर कृष्णधवल चित्रात ती एकाच करड्या छटेत मिसळून जाऊ शकतात. उलट भिंगावर लाल फिल्टर लावला तर फूल उजळते आणि पाने काळवंडतात. एकोणिसाव्या शतकातल्या प्लेटा, म्हणजे फिल्मच्या आधी वापरले जाणारे रसायन लावलेले पत्रे वा काचा, निळ्या उजेडाला फार संवेदनशील आणि लाल उजेडाला जवळपास आंधळ्या होत्या; त्यामुळे त्या काळातल्या कित्येक चित्रांत आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे येते आणि ओठ व उन्हाने रापलेली त्वचा प्रत्यक्षापेक्षा काळसर दिसते. सगळ्या रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, पण त्या सर्रास वापरात यायला आणखी बराच काळ गेला. म्हणून जुन्या चित्रातला एखादा चेहरा रुक्ष किंवा कठोर वाटला, तर त्या माणसाच्या स्वभावाबद्दल मत बनवण्याआधी त्या प्लेटला लाल रंग दिसत होता का, हे विचारावे.

छटा वाचण्याची सवय लावायला एक सोपा उपाय आहे आणि मी तो आजही करतो. चित्र उलटे धरावे. उलटे धरले की चेहरे आणि वस्तू ओळखणारे मन थोडे गोंधळते, आणि डोळ्यांना काळ्या, पांढऱ्या व करड्या आकारांचे वजन दिसू लागते. सर्वांत गडद काळा कुठे आहे आणि सर्वांत शुभ्र पांढरा कुठे आहे, हे शोधावे. बहुतेक वेळा नजर जिथे या दोन्हींची सीमा एकमेकींना भिडते तिथे आधी जाते, आणि छायाचित्रकाराला ते माहीत असते. मग मधल्या करड्यांकडे पाहावे: त्या पुष्कळ आणि हळुवार आहेत, की थोड्या आणि तुटक? अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास निव्वळ काळ्यापासून निव्वळ पांढऱ्यापर्यंतच्या छटांचे ० ते १० असे अकरा टप्पे ठरवले आणि चित्र घेण्यापूर्वीच कोणती वस्तू कोणत्या टप्प्यावर ठेवायची हे ठरवण्याची एक पद्धत मांडली. अ‍ॅडम्सचे विषय डोंगर आणि झाडे होते, पण त्याची ही शिडी रस्त्यावरच्या चित्रालाही लावून पाहता येते. करड्या छटा विपुल असतील तर भिंतीचा पोत, कापडाची वीण, हातावरच्या शिरा असे सगळे सांगितले जाते. काळे-पांढरे दोनच टोकांचे चित्र आकृती आणि हालचाल ठळक करते, पण त्या बदल्यात तपशील गिळून टाकते. यातले एक बरोबर आणि दुसरे चूक असे काही नाही. विषयाला काय हवे होते, हा प्रश्न आहे.

रंग नसल्याने नेमके काय साधते? रस्त्यावर रंग एकमेकांशी भांडत असतात. एखादी भडक पाटी किंवा लाल डबा दृश्यातल्या माणसापेक्षा जास्त लक्ष खेचतो. रंग काढले की ही स्पर्धा संपते आणि हावभाव, अंतर, पाठीचा बाक, दोन माणसांमधली मोकळी जागा हे पुढे येते. पण याला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितली नाही तर ते प्रामाणिक होणार नाही. कृष्णधवल चित्राला आपोआप एक गांभीर्य आणि जुनेपणा चिकटतो. फाटके कपडे आणि सुरकुतलेला चेहरा करड्या छटांत ठेवला की लगेच 'कला' वाटू लागतो. रंगीत छायाचित्रे घेण्याची व्यवहार्य सोय १९०७ पासून, म्हणजे ऑटोक्रोम प्लेट बाजारात आल्यापासून होती आणि १९३५ साली कोडाक्रोम फिल्म आली. तरीही गंभीर छायाचित्रण कृष्णधवलच असते, हा समज पुढे कित्येक दशके टिकला. त्या समजाचे ओझे आपल्या डोळ्यांवर आजही आहे. म्हणून मी प्रत्येक चित्राला विचारतो: हे रंगीत असते तर मला इतके आवडले असते का? उत्तर 'नाही' आले, तर मला आवडले ते चित्र होते की त्याचा करडेपणा, हे पुन्हा तपासावे लागते.

छटांइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे चित्रात साठलेला वेळ. १८३८ साली छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या लुई दागेरने पॅरिसमधल्या एका उंच खिडकीतून खालच्या हमरस्त्याचे चित्र घेतले. त्या काळच्या प्लेटला चित्र उमटण्यासाठी काही मिनिटे लागत. रस्ता नक्कीच वाहता होता, पण चालणारी माणसे आणि धावणाऱ्या गाड्या प्लेटवर उमटायला पुरेसा वेळ एका जागी थांबल्याच नाहीत, आणि चित्रात रस्ता ओसाड दिसतो. फक्त खालच्या कोपऱ्यात एक माणूस दिसतो, कारण तो बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून उभा राहिला होता. छायाचित्रात उमटलेली ही अगदी पहिल्या माणसांपैकी एक आकृती समजली जाते. त्याचे बूट पुसणाराही तिथे आहे, पण त्याचे हात आणि अंग हलत असल्यामुळे तो कमी स्पष्ट आहे. ज्याचे काम करून घेतले जात होते तो टिकला आणि काम करणारा पुसट झाला. हे कुणी ठरवून केले नव्हते, प्लेटच्या मंदपणामुळे ते झाले. तरीही ते चित्र पाहताना मला ही गोष्ट विसरता येत नाही.

१९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने आणि त्याच्या २४ बाय ३६ मिलिमीटरच्या छोट्या चौकटीने हे सगळे पालटले. कॅमेरा खिशात मावू लागला, आणि भिंगे व फिल्म वेगवान होत गेल्यावर सेकंदाचा शंभरावा भागही पुरेसा होऊ लागला. वेगवान फिल्ममधले कण मोठे असल्यामुळे मंद उजेडातल्या चित्रांत दाणेदारपणा दिसतो. तो दोष मानायचा की हवेचा पोत, हे पाहणाऱ्यावर आहे, आणि मला तो बहुतेक वेळा आवडतो. चित्रात कोण धूसर झाले आहे हेही पाहावे. स्थिर उभ्या माणसाभोवती गर्दी पुसट झाली असेल, तर शटर जाणूनबुजून मंद ठेवले असण्याची शक्यता मोठी असते.

छायाचित्रकार कुठे उभा होता, हा प्रश्न आपण फार क्वचित विचारतो. चित्रातल्या माणसांच्या डोळ्यांची पातळी पाहावी. लहान मूल वरून पाहिलेले असेल तर आपणही नकळत त्याच्याकडे मोठ्या माणसाच्या नजरेने पाहतो. छायाचित्रकार गुडघ्यावर बसला असेल तर ते मूल आपल्या बरोबरीचे होते. रोलायफ्लेक्ससारखा कॅमेरा पोटापाशी धरून वरून त्याच्या काचेत पाहावे लागे, त्यामुळे त्यातून आलेल्या चौकोनी चित्रांत माणसे किंचित खालून दिसतात आणि थोडी उंच, थोडी ठाम वाटतात. शिवाय मान खाली घालून कॅमेऱ्यात पाहणारा माणूस समोरच्याला तितका टोचत नाही. चित्रातली माणसे कॅमेऱ्याकडे पाहत आहेत का? पाहत असतील, तर त्यांना कॅमेऱ्याची जाणीव आहे आणि ती नजर छायाचित्रकाराला दिलेली आहे, आपल्याला नाही. आपण नंतर येऊन त्याच्या जागी उभे राहिलेलो असतो.

कडांकडे पाहण्याची सवयही लावून घेण्यासारखी आहे. चित्राचा मधला भाग तळहाताने झाकावा आणि फक्त चार कडा पाहाव्यात. कापला गेलेला हात, अर्धे दार, कुणाची तरी नुसती सावली, चौकटीबाहेर निघालेला पाय अशा गोष्टी तिथे सापडतात. चौकट म्हणजे खिडकी असे आपण समजतो, पण ती कात्रीही असते. काय आत घेतले याइतकेच काय बाहेर ठेवले, यावर चित्राचा अर्थ अवलंबून असतो.

डोरोथिया लँग या अमेरिकन छायाचित्रकार बाईच्या सर्वांत गाजलेल्या चित्राबाबत हे अगदी डोळ्यांसमोर घडताना दिसते. १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो येथे, वाटाण्याच्या शेतात मजुरी शोधत आलेल्या कुटुंबांच्या छावणीत, तिने एका आईची आणि मुलांची मोजकीच छायाचित्रे काही मिनिटांत घेतली. ती शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. दुरून घेतलेल्या चित्रात तंबू आहे, सामान आहे, आजूबाजूची जमीन आहे, मुले विखुरलेली आहेत. मग कॅमेरा जवळ येत जातो आणि एकेक गोष्ट चौकटीबाहेर पडते. शेवटच्या, जगप्रसिद्ध चित्रात उरते ती आई, गालाशी नेलेला तिचा हात, मांडीवरचे तान्हे मूल आणि दोन्ही खांद्यांना टेकून पाठमोरी झालेली दोन मुले. त्या मुलांचे चेहरे दिसत नाहीत, म्हणून आपली नजर कुठेही न अडकता आईच्या चेहऱ्यावर येऊन थांबते. ती कॅमेऱ्याकडे पाहत नाही, आपल्या पलीकडे कुठेतरी पाहते. तिच्या बाहीची फाटकी कड, नखे, कपाळावरच्या आठ्या हे सारे करड्या छटांमध्ये इतके बारीक उतरले आहे की कापडाचा खरखरीतपणा हाताला जाणवावा.

तंबू चौकटीबाहेर गेल्यामुळे एका विशिष्ट छावणीतले चित्र कोणत्याही काळातल्या काळजीत पडलेल्या आईचे झाले. हे मोठे यश आहे, आणि त्याची किंमतही आहे. तिचे नाव लँगने त्या वेळी विचारले नाही, असे तिने स्वतः पुढे लिहिले. गाडीचे टायर विकून त्यांनी अन्न घेतले होते, असे लँगच्या आठवणीत होते. त्या बाईच्या कुटुंबाने पुढे ते नाकारले. ती बाई चेरोकी या मूळ निवासी समाजातली होती, ही गोष्ट चित्र पाहणाऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. १९७८ साली तिची ओळख पुढे आली तेव्हा, या चित्रातून आपल्याला काहीही मिळाले नाही याबद्दल तिने नाराजी व्यक्त केली. मूळ निगेटिव्हमध्ये खालच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, तो रचनेत खटकतो म्हणून लँगने नंतर पुसट करवून घेतला. नीट पाहिले तर त्याची धूसर खूण अजून सापडते. यातले काहीही कळले म्हणून ते चित्र मला कमी आवडू लागले नाही. पण ते आता मला प्रतीक वाटत नाही, एका बाईचे चित्र वाटते, आणि मला हे अधिक बरोबर वाटते.

यातून खरेपणाचा प्रश्न येतोच. रोबेर द्वानो या फ्रेंच छायाचित्रकाराने १९५० साली पॅरिसमध्ये नगरभवनाजवळ टिपलेले चुंबनाचे चित्र कित्येक वर्षे रस्त्यावर सहज दिसलेला क्षण म्हणून मिरवले गेले. १९९० च्या दशकात न्यायालयात वाद उभा राहिला तेव्हा त्याने सांगितले, की ते जोडपे नाट्यशिक्षण घेणाऱ्या तरुणांचे होते आणि चित्र त्यांच्याकडून करवून घेतले होते. अनेकांची निराशा झाली. मला वाटते, जे सुंदर दिसले ते सुंदरच राहते, पण त्याची साक्ष मात्र रद्द होते. डॉक्युमेंटरी छायाचित्र आपल्याशी एक करार करते: हे घडले आणि मी तिथे होतो. चौकट निवडणे, थांबणे, जवळ जाणे, प्रिंट करताना एखादा भाग गडद किंवा उजळ करणे हे या करारात बसते. न घडलेले घडले म्हणून सांगणे बसत नाही.

हा करार चित्राइतकाच चित्राखालच्या फोटोओळीत लिहिलेला असतो. लुईस हाइन १९०८ पासून अमेरिकेतल्या बालमजुरीविरुद्धच्या राष्ट्रीय समितीसाठी गिरण्या, खाणी आणि कारखाने फिरला. आत प्रवेश मिळवण्यासाठी तो कधी पोस्टकार्डे विकणारा होई, कधी यंत्रांचे फोटो काढायला आलेला माणूस. आपल्या कोटाचे प्रत्येक बटण जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्याला माहीत होते, त्यामुळे मूल शेजारी उभे राहिले की त्याची उंची त्याला कुणाला न कळता मोजता येई. त्या वर्षी ३० नोव्हेंबरला साउथ कॅरोलायनातल्या लँकेस्टरच्या कापड गिरणीत त्याने सूतकताईच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या एका मुलीचे चित्र घेतले. चित्रात दूरवर जाणारी यंत्रांची रांग आहे आणि तिच्यापुढे ती मुलगी फार लहान दिसते. फोटोओळ सांगते: उंची ४८ इंच, अर्धे वर्ष कामावर. चार फुटांची मुलगी. फोटोओळ वाचण्याआधी आपण एक लहान मूल पाहत होतो. वाचल्यावर पुन्हा चित्राकडे गेलो की डोळा यंत्राची उंची तिच्या उंचीशी ताडून पाहू लागतो. म्हणून माझा आग्रह असतो, की फोटोओळ आधी वाचू नये आणि वाचल्याशिवाय सोडूही नये. आधी चित्र, मग ओळ, मग पुन्हा चित्र.

प्रिंटबद्दल थोडेच सांगतो. कागदावरच्या चांगल्या प्रिंटमधले काळे रंग आणि पडद्यावरचे काळे रंग यांत मोठे अंतर असते. शक्य असेल तर एखादे तरी मूळ प्रिंट प्रदर्शनात, जवळून आणि तिरके होऊन पाहावे.

शेवटी एक गोष्ट, जी चित्रात कधीच दिसत नाही: आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रत्येक चित्रामागे न पोहोचलेली पुष्कळ चित्रे असतात. लँग आणि एव्हान्स ज्या सरकारी प्रकल्पासाठी काम करत होते, त्याचा प्रमुख रॉय स्ट्रायकर हा नापसंत निगेटिव्हना पहिली काही वर्षे चक्क पंच मारून भोक पाडत असे. छायाचित्रकार त्यावर रागावले आणि पुढे ही पद्धत थांबली. पण भोक पडलेली ती निगेटिव्हे फेकली गेली नाहीत. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये, जपून ठेवली आहेत. त्यांचे प्रिंट काढले की भोकाच्या जागी एक ठाशीव काळे वर्तुळ येते, कधी आकाशात, कधी शेतात, कधी एखाद्याच्या चेहऱ्यावरच. उरलेल्या चौकटीत माणसे अजून आपापल्या कामात आहेत. निवड करणाऱ्याला ज्यात काहीच दिसले नाही, त्या चित्रांपाशीही मी तेवढाच वेळ थांबतो, आणि पुष्कळदा त्या वर्तुळाच्या शेजारी काही तरी सापडते.